मोकळं केलेलं नाव

५ मे, मंगळवार

पेसामिनोकाकांनी बाबांचं नाव सोडून दिलं!

म्हणजे वेबसाइटचं. आज दुपारी कोको पिता पिता सहज सांगितलं. नावांच्या कंपनीकडून विचारणा आली होती म्हणे — वर्ष संपतंय, हे नाव पुढे ठेवायचंय की सोडायचंय? काकांनी 'सोडायचंय' दाबलं. मग खातंही बंद करून टाकलं. बाबांचं ते सगळं काकाच बघायचे, धक्क्यावरच्या त्यांच्या ऑफिसात कॉम्प्युटर आहे म्हणून. "सगळं स्वच्छ केलं," म्हणाले. आणि माझ्याकडे बघत बसले, मी शाबास म्हणेन म्हणून.

मी विचारलं, का?

"इली, ताऊमालोसी हे काय माझ्या एकट्याचं नाव आहे? कुळप्रमुख गेला की मानाचं नाव घरात परत ठेवायचं. सगळ्या शाखा बसतील, भांडतील, ठरवतील. मग ज्याला पेलेल तो उचलेल. तोवर मी धरून बसलो तर लोक म्हणतील, भाऊ थंड व्हायच्या आत पेसामिनोनं झडप घातली."

काका चुकीचं नाही बोलत, हाच तर वैताग आहे. गावात असंच असतं. बाबांच्या आधी हे नाव काही वर्षं कुणाकडेच नव्हतं. नुसतं घरात बसून होतं. कुणी हात लावला नाही, लावणारही नाही. आमच्या या बेटावर, फागालोतोत, दुसऱ्या कुळाचं नाव उचलायची कुणाची छाती आहे?

पण इंटरनेटवर सोडलेलं नाव घरात परत येत नाही. रस्त्यात पडतं. जो पहिला वाकेल त्याचं.

आईला सांगितलेलं नाही.

६ मे

डोकं गरगरतंय. लिहून काढते.

फेतूकडे दुसरा पत्ताच नाही. माझा हा भाऊ ट्यूना पकडणाऱ्या बोटीवर असतो — कुठल्या, कुणाच्या, देव जाणे. बंदराला लागला की पत्र टाकतो. ईमेलच, पण आमच्याकडे सगळे पत्रच म्हणतात. फक्त बाबांना, फक्त ताऊमालोसीच्या पत्त्यावर. बाबा वाचायचे आणि जेवताना आईला सांगायचे, "तो बरा आहे." बस. पत्र कधी कुणाला दाखवलं नाही, उत्तरही कधी दिलं नाही. फेतूनं फेसबुक बंद केलंय, जुना नंबर लागत नाही. आणि बाबांचा फोन तोफीआत्यानं शवपेटीत ठेवला. चष्मा, बायबल, फोन — सगळं हाताशी. "लागेल त्याला," म्हणाली. मी तेव्हा रडत होते, माझं कुठे लक्ष.

साइट फेतूनंच बनवली होती. तिच्यापायीच तर गेला तो. संध्याकाळच्या प्रार्थनेला घंटेसारखा टांगलेला रिकामा गॅस सिलिंडर वाजला की गावात कुणी घराबाहेर दिसायचं नाही, आणि हा चर्चमागच्या टेकडीवर अँटेना धरून बसलेला! बाबांचा फोटो साइटवर चढत होता, मधे सोडला तर पुन्हा पहिल्यापासून. पहाऱ्यावरच्या पोरांनी धरून आणलं. दुसऱ्या दिवशी गावसभेत बाबांनी स्वतःच्याच घराला दंड सांगितला. दुसऱ्याच्या मुलाला सांगितला असता तेवढाच, डुकरं आणि डबाबंद माशांचे खोके. फेतू सगळ्यांसमोर मान खाली घालून बसला होता. पुढच्या फेरीबोटीनं निघून गेला.

शेवटच्या आठवड्यात बाबा मला म्हणाले, "फेतूला लिहायचंय. दंड फिटला म्हणावं. घरी ये."

मी म्हटलं, पत्ता द्या, मी लिहिते. तर म्हणे, "नको. बापानं लिहायचं असतं. उद्या."

दुसऱ्या दिवशी त्यांना बोलता येत नव्हतं.

तर असं आहे. बाबांचं एक वाक्य माझ्याकडे पडून आहे आणि ते न्यायला वाट नाही. बाबा गेले हेसुद्धा त्या पोराला माहीत नाही.

७ मे

काका मानायलाच तयार नाहीत. फोन माझ्या नाकासमोर धरला — "हे काय मग?"

पान उघडलेलं! बाबा चटईवर बसलेत, पानांची माळ गळ्यात, एक डोळा उन्हानं बारीक. माझ्या फोनवर मात्र 'हे पान सापडत नाही'. काकांचं म्हणणं, तुझा फोन स्वस्तातला आहे.

समजावलं. एकदा बघितलेलं पान फोन स्वतःजवळ राखून ठेवतो, काका. पुन्हा तेवढ्या लांब जायला नको म्हणून. हे जे दिसतंय ते तुमच्या फोनच्या आठवणीतलं आहे. तिकडे आता काही नाही.

काकांनी हाताचा आडोसा करून पुन्हा बघितलं. मग म्हणाले, "आठवणीतलं असलं तरी आहे ना?"

पान बोटानं खाली ओढलं असतं तर फोननं नव्यानं आणायला धाव घेतली असती आणि बाबा गेले असते. एवढंच करायचं होतं, की मी जिंकले. बोट उचललं नाही.

८ मे

कंपनीशी गप्पांच्या खिडकीत बोलले. पलीकडे कुणी ब्रायोनी. खरी बाई की यंत्र, कळलं नाही. फार गोड.

ब्रायोनी म्हणते घाबरू नका, सोडलेलं नाव महिना-सव्वा महिना कुणालाच देत नाही, जुना मालक परत मागू शकतो. मी खुर्चीत उडालेच. मग म्हणते, मालक तुम्हीच हे पटवायला आम्ही एक आकडा पाठवतो, तो इथे टाका. पाठवा! कुठे पाठवलात? नोंदवलेल्या पत्त्यावर.

म्हणजे ताऊमालोसीच्या पत्त्यावर. जो नाव सोडल्या दिवसापासून चालत नाही.

दार उघडायची किल्ली त्याच घरात टाकून वरून दार ओढून घेतलंय. मी हे तिला तीन तऱ्हेनं लिहिलं. तिन्ही वेळा म्हणाली, तुमची अडचण मी समजू शकते.

शेवटी म्हणाली, मालक वारले असतील तर मृत्यूचा दाखला पाठवा.

पाठवला.

१० मे, रविवार

चर्च. जेवण. सगळं गाव झोपलंय. काका जेवायला होते पण फोन बाहेर काढला नाही. जाताना दारात थांबले, म्हणाले, "मी ओढून बघितलं. गेलं."

११ मे

दाखला नाकारला! दाखल्यावर बाबांचं जन्माचं नाव — सिओसी. खात्यावर मानाचं नाव — ताऊमालोसी. 'दोन्ही व्यक्ती एकच असल्याचं सिद्ध होत नाही.'

ब्रायोनीला कसं सांगू, की मानाचं नाव मिळाल्यावर बाबांना सिओसी म्हणणारं माणूसच उरलं नव्हतं. आई धरून.

१३ मे

आईला सांगितलं. सांगावंच लागलं, ती रोज विचारत होती, फेतूचं काही?

आई बाबांच्या कबरीवर बसून चटई विणत होती. अंगणात तीच एक सावलीची जागा. तोफीआत्या शेजारी पाय पसरून. मी भाषणच दिलं. कॉलेजात चार वर्षं घालवलेली मुलगी, शब्द कमी पडायचे नाहीत! पडले.

म्हटलं, यंत्रांना नावं कळत नाहीत. यंत्रांना नुसते आकडे. प्रत्येक यंत्राला एक लांबलचक आकडा. माणसांना तो लक्षात राहत नाही म्हणून नाव. आपल्याकडे कसं, घराला नंबर नाही, पाहुणा फाट्यावर विचारतो ताऊमालोसीचं घर कुठलं, आणि कुणीतरी बोट दाखवतं. तिथेही असे बोट दाखवणारे आहेत. पत्र निघालं की आधी त्यांना विचारतं, या नावाचा आकडा काय? मग त्या आकड्याकडे चालायला लागतं. आता नाव सोडलंय, तर बोट दाखवणारे म्हणतात, असं कुणी नाही बुवा.

"आणि साइटवरचे फोटो?" आत्यानं विचारलं. "ते ढगात असतात ना? माझा नातू सांगत होता."

"ढगबिग नाही, आत्या. दुसऱ्याचं गोदाम. आत थंड ठेवलेली यंत्रं. फोटो अजून तिथंच पडलेले असतील, फक्त तिथवर नेणारं नाव उरलं नाही."

"म्हणजे माझ्या पोरीच्या लग्नाचे फोटो इतकी वर्षं परक्या माणसाच्या गोदामात? आणि आपण त्याला एकदा जेवायला नाही बोलावलं?"

आई हसली नाही. विचारलं, पत्र जातं कुठून. मी म्हटलं, टॉवरपर्यंत हवेतून, पुढे समुद्राच्या तळाशी तार आहे, बोटाएवढ्या जाडीची, तिच्यातून उजेडाच्या ठिणग्या होऊन.

"समुद्रातून?"

"हो."

"मग फेतूच्या बोटीखालूनच जात असेल की." थोडं विणलं. "आणि आता त्यानं लिहिलं तर?"

"परत जाईल त्याच्याकडे. चिठ्ठी लागून, की या पत्त्यावर कुणी नाही."

आईचे हात थांबले. "इली, त्याला वाटेल बापानं दार लावून घेतलं."

मला हे सुचलंच नव्हतं. इतके दिवस मी नावाचा विचार करत होते. आईनं फेतूच्या हातातली ती परत आलेली चिठ्ठी बघितली.

१४ मे

लिहिणाऱ्या मुलीचे चाळे. पण दुसरं काही करता येत नाही, तर हे तरी.

पत्र अख्खं जात नाहीच. तुकडे होतात, तुकड्यांवर आकडे पडतात, जो तो मिळेल त्या वाटेनं जातो. कुणी सिडनीवरून, कुणी हवाईवरून. मागचा पुढे, पुढचा मागे. पलीकडचं यंत्र आकडे बघून जुळवतं, एखादा हरवला तर म्हणतं, चौथा नाही आला, पुन्हा धाड. मग बाबांचं वाक्य असं निघालं असतं —

(३) फिटला

(५) ये

(१) फेतू,

(४) घरी

(२) दंड

कसंही पोचलं असतं तरी जुळलं असतं. पलीकडे जुळवणारा असला म्हणजे झालं.

१९ मे

ऑकलंडच्या चुलत्यांना, पागोपागोच्या मावशीला, सगळ्यांना विचारून झालं. कुणी म्हणतं फिजीच्या बंदरात दिसला, कुणी म्हणतं तो नव्हताच. बोटींच्या दोन कंपन्यांना फोन केला. नाव काय म्हणे? फेतू. असे आमच्याकडे पुष्कळ आहेत, ताई.

२२ मे

ब्रायोनीला पाद्रीबाबांच्या सहीचं पत्र पाठवलं, की सिओसी तोच ताऊमालोसी. उत्तर — पाद्री ही मान्यताप्राप्त संस्था नाही. काकांना वाचून दाखवलं. पहिल्यांदाच चिडलेले बघितले. "देवाला चालतं, हिला चालत नाही?"

३१ मे, रविवार

कुळाची बैठक. मानाचं नाव कुणाला? ठरलं नाही. दोन शाखा काकांच्या बाजूनं, एक विरुद्ध. काकांनी आवाची वाटी — बैठकीत फिरणारं मुळांचं पेय — आली तेवढी प्यायली. परत येताना मला म्हणाले, ज्याला एक नाव सांभाळता आलं नाही त्याला दुसरं कशाला देतायत.

९ जून

नाव आज खुलं होणार. किती वाजता, ते कंपनी सांगत नाही. जो आधी मागेल त्याला.

सकाळपासून काकांच्या ऑफिसात बसले. काकांचं कार्ड टेबलावर तयार. दर थोड्या वेळानं नाव टाकायचं, उत्तर यायचं — अजून नाही. काकांनी दोनदा उकडलेला ब्रेडफ्रूट आणून ठेवला, मागे उभे राहून श्वास घेत होते, शेवटी त्यांना बाहेर घालवलं. ऑफिस चारला बंद. घरी येऊन फोनवर सुरू. अजून नाही. अजून नाही.

सिलिंडर वाजला.

आमच्याकडे प्रार्थनेला फोन टोपलीत जातात, टोपली आईच्या मांडीशी. मी फोन हातात धरून उभी. आई माझ्याकडे बघतेय. नको म्हणाली नाही. घे असंही म्हणाली नाही. बाहेर पहाऱ्याची पोरं रस्त्यानं चाललेली. याच वेळेला याच घरातला एक मुलगा टेकडीवर बसला होता आणि काय झालं ते आम्हा दोघींना माहीत.

टोपलीत टाकला.

इतकं लांब स्तोत्र मी आयुष्यात म्हटलेलं नाही. फोन बाहेर काढला तेव्हा नाव गेलेलं होतं. कुणीतरी घेतलं!

जगात कुठेतरी असा माणूस बसलाय ज्याच्याकडे सिलिंडर वाजत नाही.

१० जून

बाबांच्या जागी आता: 'हे पान लवकरच येत आहे.' खाली जाहिराती. स्वस्त विमानं. टक्कल. पैजा. मालकाचं नाव झाकलेलं — तशी सोय असते.

असे लोक असतात म्हणे, पडलेली नावं गोळा करतात आणि चढ्या भावानं विकतात. त्यांना काय, ताऊमालोसी म्हणजे नऊ इंग्रजी अक्षरं.

ताऊमालोसीच्या पत्त्यावर मीच पत्र लिहिलं. 'जो कुणी असाल त्याला. या पत्त्यावर एका मुलाचं पत्र येईल. ते फेकू नका. त्याला माझा पत्ता द्या.' परत आलं. नव्या मालकानं पत्रपेटीच लावलेली नाही.

म्हणजे माझ्याही हातात आता तीच चिठ्ठी. या पत्त्यावर कुणी नाही.

११ जून

काकांनी आज जे केलं ते मी कुठल्याही गोष्टीत लिहिलं असतं तर सुवातल्या कॉलेजातल्या सरांनी भडक म्हणून खोडलं असतं.

उजाडलं तेव्हा अंगणात कुणीतरी बसलेलं. बाबांच्या कबरीसमोर, जमिनीवर, डोक्यावरून घराण्यातली सगळ्यात जुनी बारीक विणीची चटई ओढून. माणूस दिसतच नव्हता, नुसते मोठाले पाय. मी पाय ओळखले.

असं खुनाच्या माफीसाठी बसतात. एका कुळानं दुसऱ्या कुळासमोर. जोवर समोरचा येऊन चटई उचलत नाही तोवर ऊन असो, पाऊस असो. स्वतःच्या वहिनीसमोर, एका बटणासाठी कुणी बसत नाही. आत्या दारातून कुजबुजली, "याला वेड लागलं. लोक बघतायत." लोक बघतच होते. सगळा रस्ता.

आई बाहेर गेली नाही. चूल पेटवली. कोको केला. ऊन अंगणात आलं. मला वाटलं उचलणारच नाही. आणि मी तरी काय सांगणार होते, उचल की नको उचल?

मग ती दोन कप घेऊन गेली, एक कबरीवर ठेवला, आणि एका हातानं चटई बाजूला केली. काकांचं तोंड घामानं थबथबलेलं.

"ऊठ, पेसा. तू बरोबरच केलंस. तिकडचे लोक आपल्यासारखे नाहीत, एवढंच."

काका उठेनात. पाय झोपले होते. आम्ही दोघींनी धरून उठवलं.

१५ जून

रोज एकदा ते पान बघते. विमानं, टक्कल, पैजा. आईनं विचारणं सोडलंय, ते जास्त वाईट.

१८ जून

लिहायला काही नाही. पान तेच.

२१ जून, रविवार

चर्चमध्ये समुद्रावर असलेल्यांसाठी प्रार्थना झाली. आईनं डोळे मिटले नाहीत.

२३ जून

जाहिराती गेल्या. पांढरं पान. आमच्या भाषेत, मधोमध:

'बाबा, पत्र परत आलं. कळलं, तुमचा राग गेला नाही. पण तुमचं नाव असं बेवारस पडलेलं बघवेना, म्हणून उचलून ठेवलंय. बोटीवरून पान नीट लावायला जमत नव्हतं, कंपनीच्या जाहिराती तशाच राहिल्या, आज बंदराला लागलो. मागाल तेव्हा परत देईन. फेतू.'

खाली त्याचा पत्ता.

त्याला उत्तर लिहितेय, दंड फिटल्याचं मी आधी लिहिलंय. बाबांचं दुसरं वाक्य लिहायला आईला हाक मारली. ती हात धुऊन येतेय.